सहा तास हाँगकाँग

इल्फर्ड,
१४ जून १९९२

प्रिय गर्शोनभाऊ,

शालोम.

एकाच शहरात राहून पत्र लिहिते आहे, कारण फोनवर हा विषय निघाला की तुम्ही रिसीव्हर वहिनींच्या हातात देता. पत्रही त्यांच्या हातात दिलंत तरी चालेल. त्यांना सगळं माहीत आहे.

मी ऑगस्टमध्ये मेलबर्नला जाते आहे, माझ्या डॅनीकडे. तीन महिने राहीन. तिकीट हाँगकाँगवरून काढलं आहे. विमान तिथे दुपारी दोनला उतरतं, पुढचं रात्री आठला सुटतं. मधले सहा तास मी विमानतळावरच्या खुर्चीत काढणार नाही. रिवकाला भेटणार आहे.

पत्ता वहिनींनी दिला. बासष्टच्या लढाईनंतर तिला आणि तिच्या चिनी नवऱ्याला मुंबई सोडायला लावली, तेव्हापासून ती हाँगकाँगला आहे हे मला ऐकून ठाऊक होतं. पण दर रोश हशानाला, आपल्या नव्या वर्षाला, तिचं कार्ड तुमच्याकडे येतं, हे यंदा कळलं. पाकिटाच्या पाठीवर नवऱ्याच्या दवाखान्याचा शिक्का असतो. तुम्ही तिकीट कापून अल्बममध्ये लावता आणि बाकीचं केरात टाकता. अठ्ठावीस वर्षं. मेलेल्या बाईची तिकिटं जमवणारा दुसरा माणूस लंडनमध्ये नसेल.

एक मागणी आहे. कीप्पूरच्या उपासाच्या रात्री तुम्ही आपल्या बेने इस्रायल मंडळींमधल्या मृतांची यादी वाचता. ज्याचं नाव येईल त्याच्या घरचे उभे राहतात. दरवर्षी तुम्ही रिवकाचं नाव वाचता आणि मी बसून राहते. लोकांना वाटतं, माझे गुडघे दुखतात. या वर्षी ते नाव यादीतून काढा. आपली बहीण चौसष्ट वर्षांची आहे आणि जिवंत आहे.

तुमची,
शुलामीथ

---

ईलिंग,
१९ जून १९९२

चि. शुलामीथ,

शालोम. तुझं पत्र मिळालं.

१९५१ साली उमरखाडीच्या घरात बाबा, आई, मी आणि तू रिवकाचं सुतक धरून सात दिवस जमिनीवर बसलो. आरसे झाकले होते. बाबांनी अंगातला सदरा फाडला. शेजाऱ्यांनी उकडलेली अंडी आणून दिली. तू पंधरा वर्षांची होतीस, कुक्कुलं बाळ नव्हतीस. जी गेली ती त्या आठवड्यात गेली. तिने धर्माबाहेर लग्न केलं, आणि तेही बाबांची कवळी बसवणाऱ्या चिनी डेंटिस्टशी. बाबांनी ती कवळी त्याच संध्याकाळी तोंडातून काढली आणि पुढे मरेपर्यंत नऊ वर्षं पेज प्यायले. मेलेलं कोण आणि जिवंत कोण, हे तू मला शिकवू नकोस.

यादी माझी नाही, बाबांची आहे. मी ती इथे आणली आणि पुढची नावं घातली. मी फक्त वाचतो.

पत्त्याबद्दल तुझ्या वहिनीशी बोललो आहे.

तिकिटं ही तिकिटं असतात. त्यांवर राणीचं डोकं आहे, रिवकाचं नाही.

मेलबर्नला ऑगस्टमध्ये थंडी असते. जाड कपडे ने.

गर्शोन झिराडकर
मानद सचिव

---

इल्फर्ड,
२४ जून १९९२

प्रिय भाऊ,

सहीखाली 'मानद सचिव' लिहिलंत. मी बहीण म्हणून लिहिलं होतं, सभासद म्हणून नाही.

बसले होते, खरं आहे. बस म्हणालात म्हणून बसले. त्यानंतर तेहतीस वर्षं मी इथल्या हॉस्पिटलांत काढली, त्यांतली वीस वॉर्ड सिस्टर म्हणून. माणूस गेला असं लिहिण्याआधी डॉक्टर छातीवर स्टेथोस्कोप ठेवतो आणि पूर्ण एक मिनिट ऐकतो. कितीही घाई असली तरी ऐकतो. बाबांनी ऐकलं नाही. आपण जमिनीवर बसलो होतो तेव्हा रिवका तीन गल्ल्या पलीकडे भात शिजवत होती.

कवळीचं म्हणाल तर लियूने केलेले दात उत्तम होते. ते बसवून आल्यावर बाबांनी पहिल्यांदा शेंगदाणे खाल्ले, मूठभर, आणि आईला म्हणाले, "हा चिना देवमाणूस आहे." तुम्ही तिथेच होतात. नऊ वर्षं पेज पिण्याचा निर्णय बाबांचा होता. तो रिवकाच्या माथी मारू नका.

वहिनींशी 'बोललात' म्हणजे ओरडलात. त्यांनी मला फोन करून सांगितलं, आणि पत्ता पुन्हा एकदा एकेक अक्षर सुटं करून वाचून दाखवला.

मी रिवकाला पत्र टाकलं आहे. उत्तर आलेलं नाही. तरी जाणार.

शुलामीथ

---

ईलिंग,
३ जुलै १९९२

चि. शुलामीथ,

शालोम.

मागणीचा विचार केला. यादीतून नाव काढायचं तर समितीपुढे जावं लागेल. समिती पुरावा मागेल. ती जिवंत असल्याचे दोन साक्षीदार लागतील. तू एक झालीस. दुसरा कुठून आणणार? आणि एकेचाळीस वर्षं वाचलेलं नाव चुकून वाचलं, असं मी लोकांपुढे सांगणार नाही.

तुझ्या पत्राला उत्तर आलं नाही, त्याचा अर्थ तिलाही तू नको आहेस. हे मी रागाने लिहीत नाही.

यंदा कीप्पूरची प्रार्थना मंगळवार, सहा ऑक्टोबरला संध्याकाळी सहाला सुरू होईल. जागा नेहमीचीच, ईलिंग ब्रॉडवे स्टेशनसमोरच्या रस्त्यावरचा कौन्सिलचा हॉल. हे सर्व सभासदांना कळवतो, म्हणून तुलाही. तू इथे नसशील. म्हणजे बसून राहण्याचा प्रश्नही या वर्षी उरला नाही.

गर्शोन

---

मेलबर्न,
२० ऑगस्ट १९९२

प्रिय भाऊ,

शालोम. भेटले.

विमान वेळेवर उतरलं. टॅक्सीवाल्याला वहिनींनी केरातून वाचवलेल्या पाकिटावरचा शिक्का दाखवला. त्याने मान हलवली आणि बोटाने दिशा दाखवली. दहा मिनिटं चालायचं होतं. शहर उंच आहे. वर बघत चालले असते तर धडपडले असते, म्हणून समोर बघत चालले.

पत्त्याच्या जागी पत्र्याचं कुंपण होतं. आत दहा-दहा मजल्यांच्या इमारती एकमेकींना चिकटून उभ्या, आणि एकाही खिडकीत माणूस नाही. पोलीस म्हणाला, वस्ती सरकारने रिकामी केली, आता पाडणार, सगळे गेले. कुठे गेले? "न्यू फ्लॅट्स," म्हणाला, आणि हात असा फिरवला की त्यात अर्धं शहर आलं. माझं पत्र त्या पत्र्यामागेच कुठेतरी पडलं असणार. तेव्हा ते 'तिलाही तू नको आहेस' मागे घ्या.

तासभर मी त्या कुंपणाभोवती फिरले. घामाने ब्लाउज अंगाला चिकटला. मग रस्त्यापलीकडे एका दुकानाच्या काचेत कवळ्या मांडलेल्या दिसल्या. आत एक म्हातारा डेंटिस्ट एका बाईचा दात कोरत होता. मी म्हटलं, "लियू. डेंटिस्ट. इंडियन वाइफ." तो इतका हसला की हातातलं हत्यार खाली ठेवावं लागलं. खुर्चीतली बाई तोंड उघडं ठेवून बसली होती, तिला तसंच ठेवून त्याने फोन केला. मग पाटी उलटी फिरवून, दाराला कुलूप लावून मला पोचवायला आला. बाई आतच होती.

एकोणिसावा मजला. लिफ्ट अठराव्यावर थांबते, पुढे जिना. रिवका जिन्याच्या तोंडाशी उभी होती. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली,

"शुली, जाडी झालीस."

"तू पण."

"मी मेलेली आहे. आम्ही फुगतो."

मग आत जाऊन तिने भात लावला. मी म्हटलं, बोलू या, जेवण राहू दे, तीनच तास आहेत. ती म्हणाली, "मेलेल्यांच्या घरून कोणी उपाशी गेलं म्हणजे गर्शोन त्याच्यासाठीही सात दिवस बसेल."

तिचं मराठी अजून उमरखाडीचं आहे. लियू गेला पंच्याऐंशी साली, तोवर घरात दोघं मराठीच बोलायचे. त्याला ते पेशंटांमुळे येत होतं. मुलांसमोर भांडायचं असलं की फार सोय व्हायची, म्हणाली. मुलांना चिनी येतं, इंग्रजी येतं, मराठी फक्त चढ्या आवाजात ऐकलेलं आहे. आता भांडायला कोणी नाही म्हणून ती भांड्यांशी बोलते.

आता तुमच्यासाठी. तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

"तुम्ही माझ्यासाठी बसलात ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. मग मीही बसले. तुम्हा चौघांसाठी, एकदमच. सात दिवस. अंडी लियूने उकडली. आठव्या दिवशी उठले आणि त्याच्या दवाखान्यात कामाला लागले."

म्हणजे भाऊ, तुम्हीही एक्कावन्न सालीच गेलात. मी पण.

मी विचारलं, मग दरवर्षी कार्ड का पाठवतेस? ती म्हणाली, "इकडे मेलेल्यांना कागद पाठवायची रीत आहे. हे लोक जाळून पाठवतात. मी पोस्टाने पाठवते."

एक गोष्ट मी तुमच्यापाशी कधी बोलले नाही. तिची ती चिठ्ठी, लग्नाची, तिने लियूला द्यायला माझ्याकडे दिली होती, आणि मी ती तुम्हाला आणून दिली. एकेचाळीस वर्षं मला वाटत आलं की मी तिला मारलं. त्या दिवशी ते तिला सांगितलं. ती भात वाढत होती, थांबलीही नाही.

"तू चुगलखोर होतीस. म्हणून तर तुझ्याकडे दिली. मला चोरासारखं जायचं नव्हतं आणि बाबांसमोर उभं राहायची छाती नव्हती. तू कामाला आलीस."

मला फार राग आला. इतकी वर्षं मी ते वाहत होते आणि ती माझी फक्त पोस्टमनची नोकरी निघाली. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "हो, आणि चांगली केलीस." मग आम्ही अर्धा तास भांडलो. शेजारची चिनी बाई दारात येऊन उभी राहिली. रिवकाने तिला काहीतरी सांगितलं, ती आनंदाने टाळ्या वाजवून गेली. काय सांगितलंस? "सांगितलं, माझी बहीण आली आहे."

शेवटी यादीबद्दल बोलले. दरवर्षी नाव वाचतात, ते काढायला मी तुम्हाला लिहिलं आहे, तुम्ही साक्षीदार मागता, सगळं. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. विमानं तिच्या खिडकीवरून इतकी खालून जातात की चाकं मोजता येतात. मग म्हणाली, "काढायला सांगू नकोस. मी काय त्याच्याकडे अर्ज करायचा, जिवंत आहे म्हणून?"

तेव्हा माझी मागणी मी मागे घेते. वाचा.

साडेसातला विमानतळावर पोचले. दार बंद होता होता आत शिरले.

शुलामीथ

---

ईलिंग,
२ सप्टेंबर १९९२

चि. शुलामीथ,

शालोम. सुखरूप पोचलीस हे वाचून बरं वाटलं.

मागणी मागे घेतलीस हे समजूतदारपणाचं केलंस. तिनेच नको म्हटलं, म्हणजे जे झालं ते तिलाही मान्य आहे. यादी नेहमीप्रमाणे वाचली जाईल.

ती आमच्यासाठी बसली हे मला माहीत नव्हतं. एकटी बसली असेल तर ते धरलं जात नाही, पण तो वाद आता नको.

चिठ्ठीचं तू लिहिलंस. तू ती मला दिलीस. पण बाबांच्या हातात मी दिली. दोन दिवस खिशात ठेवली आणि मग दिली. तू त्या वेळी शाळेत होतीस. हे तिला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. विचारायची गरज नाही.

यंदाचं कार्ड अजून आलेलं नाही. साधारण महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात येतं.

गर्शोन

---

मेलबर्न,
१४ सप्टेंबर १९९२

प्रिय भाऊ,

यंदा कार्ड येणार नाही. वाट बघू नका.

दोन दिवस खिशात ठेवलीत हे वाचलं. दोन दिवस बरेच असतात. तिसरा दिवस ठेवली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी करणार नाही. तुम्हीही करू नका, तुमचं ब्लड प्रेशर आहे.

कीप्पूर मी इथे करीन. डॅनीच्या घरापासून सिनेगॉग चालत वीस मिनिटं आहे. तिथे कोणाचीही नावं वाचली तरी मी उठणार नाही आणि बसूनही राहणार नाही, कारण ती माझी नाहीत.

नवं वर्ष चांगलं जावो.

शुलामीथ

---

ईलिंग,
११ ऑक्टोबर १९९२

चि. शुलामीथ,

शालोम.

तू हे मुद्दाम केलंस. माझं जुलैचं पत्र तू तिच्या टेबलावर ठेवून आलीस, तारीख, वेळ आणि हॉलच्या पत्त्यासकट. ते तिच्या पर्समध्ये होतं. घडी माझीच होती. मी पत्राची चार घड्या करतो.

क्रमाने लिहितो.

हॉलमध्ये साठेक माणसं होती. हीटर बंद होता. त्याबद्दल कौन्सिलला लिहिलं आहे. यादीत यंदा सत्तावन्न नावं. मी वाचताना वर बघत नाही, ओळ चुकते. बाबांच्या नावाला तुझी वहिनी उठली, आईच्या नावाला उठली, एवढं पावलांवरून कळलं. मागेही कोणीतरी उठल्यासारखं वाटलं. मग रिवकाचं नाव वाचलं. वहिनी दरवर्षी त्या नावालाही उठते. यंदा उठली नाही. म्हणून मी वर पाहिलं.

बायकांच्या बाजूला शेवटच्या रांगेत एक बाई एकटी उभी होती. आखूड पांढरे केस, राखाडी कोट. मला वाटलं कोणी पाहुणी आहे, रीत माहीत नाही, आईबाबांच्या नावाला चुकून उठली ती बसायची विसरली. पुढचं नाव वाचायला तोंड उघडलं. पण घरचे उभे आहेत तोवर वाचणारा थांबतो. आणि ती बसेना.

तोंड बाबांचं आहे तिचं. दात काढून ठेवल्यावर बाबा जसे ओठ आवळायचे, तसे आवळले होते. तिचे दात मात्र शाबूत आहेत.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. तुझा तो डॉक्टर ऐकतो म्हणतेस, तेवढा गेला असेल. म्हाताऱ्यांपैकी तिघांनी तिला ओळखलं, ते मला त्यांच्या मानांवरून कळलं. मग ती बसली. मी पुढचं नाव वाचलं. दुसरं काय करणार होतो? सव्वीस नावं उरली होती.

प्रार्थना संपल्यावर ती कोटांच्या खुंट्यांपाशी उभी होती. मला म्हणाली, "गर्शोन, आवाज बसला तुझा."

मी म्हटलं, "पाणी पीत नाही आज."

"साक्षीदार दोन हवे होते ना? मोजून घे. साठ आहेत."

मी म्हटलं, हा उपासाचा दिवस आहे, इथे तमाशा नको. ती म्हणाली, "तमाशा मी केला? मी रीतीने उभी राहिले. माझ्या घरचं कोणीतरी गेलंय असं तू म्हणालास." मी माझा कोट शोधू लागलो.

ती आमच्याकडेच उतरली. नंतर कळलं की वहिनीने पाहुण्यांची खोली आठवड्याआधीच झाडून ठेवली होती. या घरात मला कोणी काही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी उपास सुटल्यावर, चहा घेताना, रिवका म्हणाली, "आता माझं नाव काढ." मी म्हटलं, शुलामीथने हेच मागितलं तेव्हा तूच नको म्हणालीस. म्हणाली, "ते मागणं होतं. आता सांगते आहे." मी यादी आणली आणि तिच्यासमोर नावावर रेघ मारली. रेघ वाकडी आली.

मला वाटलं झालं. ती म्हणाली, "आता त्या जागी त्याचं घाल."

मी म्हटलं, लियू आपल्यातला नव्हता. त्याचं नाव त्या रात्री वाचता येत नाही. समिती ऐकणार नाही. लोक उठून जातील.

ती चिडली नाही. कपातला चहा संपवला आणि म्हणाली, "जिवंत माणसाचं नाव एकेचाळीस वर्षं चाललं तुमच्या समितीला. मेलेल्या माणसाचं एक चालू दे."

मी यादी मिटून ठेवली. ती शुक्रवारी सकाळी परत गेली. हीथ्रोपर्यंत मी गेलो होतो. ट्रेनमध्ये ती समोर बसली होती, आणि सगळा वेळ मला मुंबईतल्या माणसांबद्दल विचारत होती: हा कुठे आहे, तो कुठे आहे. बहुतेक यादीत होते. प्रत्येक वेळी 'तोही?' म्हणायची आणि खिडकीबाहेर बघायची. चिठ्ठीचं मी ट्रेनमध्ये सांगितलं. खिशात ठेवलेले दोन दिवस सांगितले. ती म्हणाली, "माहीत आहे. तू दोन दिवस माझ्याकडे बघत नव्हतास."

काल रात्री, शनिवारचा शब्बाथ सुटल्यावर, मी नाव लिहिलं. लियू दे-शान, डेंटिस्ट, मृत्यू १९८५. आईच्या नावाखाली. रेघेच्या वर जागा नव्हती म्हणून समासात लिहिलं, पण ठळक. आज सकाळी अध्यक्षांना फोन करून कळवलं. ते म्हणाले, हे समितीत ठेवू. मी म्हटलं, ठेवू नका. रिवकाचं नाव घातलं तेव्हा कोणी समितीत ठेवलं नव्हतं. ते म्हणाले, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, ज्याला ऐकवणार नाही त्याने दुसरा वाचणारा शोधावा, हिब्रू आणि मराठी दोन्ही वाचणारे आता किती उरलेत ते मला माहीत आहे.

पुढच्या वर्षी कीप्पूरला तू कुठेही जाऊ नकोस. रिवका येणार आहे, तिकीट काढणार म्हणाली. ते नाव येईल तेव्हा काही लोक उठून बाहेर जातील. तू तिच्या शेजारी उभी राहा. वहिनी राहील. मी वाचणार, म्हणजे उभाच असेन.

गर्शोन